उलट्या घडीचा रुमाल

मावशींच्या ॲप्रनला डाव्या खांद्याखाली सेफ्टी पिना टोचलेल्या असत. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, इस्त्रीचं दुकान आहे, कुणाचं बटण तुटलं तर हाताशी असाव्यात म्हणून लावल्या असतील. एकदोघांनी मागूनही पाहिल्या. मावशी म्हणत, "त्या कामाच्या आहेत," आणि टेबलाच्या खणातून दुसरी पिन काढून देत.

कामाच्या म्हणजे काय, ते गल्लीला ठाऊक होतं. एक पिन म्हणजे कुणाचा तरी एक उपकार. फेड झाली की पिन निघे. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेनं अंगणातल्या झाडाची चार लिंबं दिली, की एक पिन लागे. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेच्या नवऱ्याचा शर्ट, न मागता, कॉलरीला खळ देऊन, हँगरवर ताठ उभा राहून तिच्या दारात हजर होई.

"अहो मावशी, लिंबं झाडानं दिली. मी काय केलं?" शिक्षिका म्हणे.

"झाडाला कॉलर नसते, म्हणून तुमच्या नवऱ्याचा केला," असं म्हणून मावशी जिना उतरत आणि उतरता उतरताच पिन काढत.

उधारीवर त्यांनी आयुष्यात काही घेतलं नाही, पण खरं सांगायचं तर फुकटही काही घेतलं नाही, आणि हे दुसरं जास्त अवघड होतं. घेणं त्यांना जमतच नसे. धाकट्या बहिणीनं वाढदिवसाला लोकरीची शाल दिली, तर तिसऱ्या दिवशी धाकटीच्या खोलीतले सगळे पडदे धुऊन, इस्त्री होऊन लटकले. धाकटी म्हणाली, "ताई, तुला वाढदिवस साजरा करायचा म्हणजे माझ्या खोलीतले पडदे उतरतात." या दोघी बहिणी एकाच घरात राहत. थोरली त्रेसष्टची, धाकटी छप्पन्नची. दोघींनीही लग्न केलं नव्हतं. धाकटीचं म्हणणं असं, की ताईनं लग्न केलं असतं तर नवरा उपकारांखाली दबून मेला असता.

समोरच्या दुकानातला चष्मेवाला फार बोलका. तो सकाळी रस्त्यापलीकडून ओरडे, "काय मावशी, बरं आहे ना?" झालं, आता हेही एक देणं झालं. त्याने आधी विचारलं, म्हणजे उद्या आपण आधी विचारलं पाहिजे. चष्मेवाल्याला यात गंमत वाटू लागली आणि तो रोज पाच मिनिटं लवकर येऊ लागला. असं करत करत दोन्ही दुकानं नऊची साडेसातला उघडायला लागली. गिऱ्हाइकांची सोय झाली, पण ती गिऱ्हाइकांसाठी नव्हती.

दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. दोन टेबलं, त्यांवर जाड घोंगडी आणि वर पांढरी चादर. एक विजेची इस्त्री, पाणी फवारायची बाटली, भिंतीला हँगरचा दांडा. आणि सर्वांत वरच्या फळीवर एक कोळशाची इस्त्री, लोखंडी, लाकडी मुठीची, इतकी जड की धाकटी ती दोन हातांनी उचले आणि तरी "आई गं" म्हणे.

ती इस्त्री शनिवारीच खाली येई. शनिवारी सकाळी सव्वानऊला मावशी चर्चच्या वस्त्रांची पिशवी उघडत. त्यात वेदीवर अंथरायचं लांब कापड असे, फादरांचे हात पुसायचे छोटे टॉवेल असत आणि सगळ्यांत महत्त्वाचा असे तो चौकोनी रुमाल. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी वेदीवर हा रुमाल पसरतात आणि त्यावर पवित्र भाकर आणि प्याला ठेवतात. मावशी आदल्या दिवशी वस्त्रं धूत, खळ देत, आणि शनिवारी कोळसे फुलवून वस्त्रांवर इस्त्री फिरवत. त्या वेळात गिऱ्हाईक आलं तर त्याला बोटानं बाकडं दाखवत. बोलत नसत. रुमालाच्या उभ्या तीन घड्या, आडव्या तीन घड्या, नऊ चौकोन, आणि कडेचा लाल क्रूस बरोबर मधोमध, वर, दिसेल असा. गिऱ्हाइकाला शर्ट देताना चांगली बाजू वर ठेवायची, हे त्यांनी आईच्या हाताखाली शिकलेलं पहिलं काम. देवाला तर त्याहून चांगली बाजू दाखवायला हवी. पावणेअकराला टोपली घेऊन त्या चर्चमध्ये पोचवून येत. एकतीस वर्षांत एकही शनिवार चुकला नव्हता. तापातही नाही.

रविवारी त्या ॲप्रनशिवाय, म्हणजे पिनांशिवाय, उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर बसत. भाकर घ्यायची वेळ आली की रांगेत ताठ मानेनं पुढे जात, नेमलेलं काम वेळेवर करून आलेल्या माणसासारख्या. ओंजळ पुढे करत, फादर भाकर ठेवत, त्या "आमेन" म्हणत, आणि परत येताना वेदीवरच्या रुमालाकडे एक नजर टाकत. एकही सुरकुती नाही. ठीक आहे. आम्ही दोघं बरोबरीत आहोत.

हे देवाला मान्य होतं की नाही, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

एक पिन मात्र कधीच निघाली नव्हती. ती ॲप्रनच्या आतल्या बाजूला, खालच्या दुमडीत होती. गंजून काळी पडली होती. नवीन ॲप्रन शिवला की मावशी ती जुन्यातून काढून नव्यात टोचत. धाकटीला माहीत होतं ती कुणाची. ती आईची.

आईचंही इस्त्रीचंच दुकान होतं, याच रस्त्यावर, जिथे आज चष्मेवाला बसतो तिथे. मावशी तिच्याच दुकानात वाढल्या आणि एकतिसाव्या वर्षी, विजेची इस्त्री घेऊन, तिच्या बरोबर समोर आपलं दुकान मांडलं. त्यावरून शब्दाला शब्द वाढला. आई काय बोलली ते जाऊ द्या, पण मावशी भर रस्त्यात, चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या, "तुझ्या कोळशांनी लोकांचे कपडे जळतात." आईनं दुकानात जाऊन पुढचा शर्ट टेबलावर घेतला. झालं. त्यानंतर दीड वर्ष दोघी समोरासमोर उभ्या राहून इस्त्री करत होत्या आणि एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हत्या. मग आई अंथरुणाला खिळली. पाच महिने धाकटीनं केलं. मावशी रोज संध्याकाळी आईच्या घराच्या जिन्यापर्यंत जात आणि परत येत. उद्या जाऊ म्हणत म्हणत एके दिवशी उद्या उरलाच नाही.

अंत्यविधीनंतर धाकटीनं ती कोळशाची इस्त्री आणून दिली. "आईनं तुला द्यायला सांगितली."

मावशींनी ती घेतली. घ्यावीच लागली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात अशी वस्तू आली, जिची फेड करायला समोर माणूसच नव्हतं. त्याच अंत्यविधीच्या मिस्सेत त्यांना दिसलं होतं, की वेदीवरचा रुमाल चुरगळलेला आहे. पुढच्या शनिवारी त्या चर्चच्या दारात उभ्या. "ही वस्त्रं आजपासून मी करणार." तेव्हाचे म्हातारे फादर म्हणाले, "करा, बाई." बस, तेव्हापासून.

आता मनगटाचं काय झालं ते सांगायला हवं.

चष्मेवाल्यानं एका बुधवारी सव्वासातला येऊन, म्हणजे चक्क पंधरा मिनिटं आधी, "काय मावशी, बरं आहे ना?" करून टाकलं. गुरुवारी मावशी सातला निघाल्या. पायरी नुकतीच धुतली होती. समोरून चष्मेवाला येताना दिसला, मावशींनी घाईनं तोंड उघडलं, "काय हो, बरं..." आणि पाय सटकला. उजवा हात खाली आला. मनगट दोन ठिकाणी मोडलं. चष्मेवाला धावत आला, त्यानंच रिक्षा आणली, त्यानंच दवाखान्यात नेलं. रिक्षात मावशी कळवळून म्हणाल्या, "मी आधी विचारलं होतं हं." "विचारलंत, विचारलंत," तो म्हणाला, "पण उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार असं दिसतंय."

हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल. हलकं काम कराल. पण ती जड इस्त्री आता विसरा. कायमची."

आणि मग गल्लीनं मावशींवर सूड उगवला. शिक्षिकेनं सूप पाठवलं. तळमजल्यावरच्या सुतारानं दाराची कडी डाव्या हातानं उघडेल अशी फिरवून दिली. चष्मेवाला रोज दुकान उघडून विजेच्या इस्त्रीवर गिऱ्हाइकांची सोपी कामं स्वतः करू लागला आणि प्रत्येक पँटला दोन-दोन चुण्या पाडू लागला. धाकटी वेणी घालून देई, भाकरीचा तुकडा मोडून देई, बूट घालून देई. मावशी डाव्या हातानं, दात-ओठ खाऊन, एकेक पिन टोचत. तिसऱ्या आठवड्यात तेवीस पिना झाल्या.

धाकटी म्हणाली, "ताई, कुठल्या लढाईवर होतीस? छातीवर एवढी पदकं?"

"हसू नकोस. हे सगळं मला फेडायचंय."

"कशानं? डाव्या हातानं? तेवीस माणसांना डाव्या हाताची इस्त्री केलीस तर गाव सोडून जातील."

पण धाकटीला हसता हसता एक गोष्ट खुपत होती. तीन रविवार झाले, ताई चर्चला येत होती, तिसऱ्या बाकावर बसत होती, पण भाकर घ्यायला उठत नव्हती. रांग पुढे सरके, धाकटी उभी राही, आणि ताई गुडघे बाजूला करून तिला वाट देई. पहिल्या रविवारी धाकटीला वाटलं, हात दुखत असेल. दुसऱ्या रविवारी वाटलं, लाज वाटत असेल. तिसऱ्या रविवारी घरी येताना तिनं सरळ विचारलं.

"उठत का नाहीस?"

"कुठल्या तोंडानं उठू?" मावशी म्हणाल्या. "वस्त्रं मी केली नाहीत."

"मग?"

"मग काय? काम नाही, तर घेणार कशाच्या बदल्यात?"

"डॉक्टर म्हणाले ती इस्त्री कायमची बंद. म्हणजे तू कायमची बाकावर बसणार?"

मावशींनी चालण्याचा वेग वाढवला. म्हणजे हो. या बाईनं आईच्या जिन्यापर्यंत जाऊन परत येण्यात पाच महिने घालवले होते. धाकटीला ठाऊक होतं, ताई बाकावर उरलेलं आयुष्य घालवू शकते.

वस्त्रांचं काम दरम्यान घंटेकाकांकडे गेलं होतं. घंटेकाका सत्तरीचे, चर्चची घंटा वाजवणारे, आयुष्यभर बस चालवलेले. त्यांनी इस्त्री केलेला रुमाल तिसऱ्या बाकावरूनही चुरगळलेला दिसत होता, आणि मावशींना तो रात्री नव्हे, दिवसाढवळ्या डोळ्यांपुढून हलेना. चौथ्या शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजले, हात शिवशिवले, आणि मावशी उठल्या. करता येत नाही तर निदान करवून घेऊ.

वेदीमागच्या खोलीत घंटेकाका टेबलाशी उभे होते. फादर बाजूला कपाटात काहीतरी शोधत होते. हे फादर चाळिशीचे, स्वभावानं गरीब, प्रवचन लांबलं की स्वतःच घड्याळ बघणारे, आणि झग्याचं एक बटण सदैव बेपत्ता.

"घंटेकाका," मावशींनी रुमाल दोन बोटांनी उचलला, "हा रुमाल आहे की नकाशा? ही कुठली नदी?"

"सुरकुत्या पडल्या असतील, नाही म्हणत नाही," काका म्हणाले. त्यांना राग आला होता, कारण ते पाऊण तास राबले होते. "पण घडी बघा. घडी बरोब्बर आहे. आतल्या बाजूनं."

"आतल्या बाजूनं? क्रूस आत गेला की! घडी बाहेरून असते. क्रूस वर दिसला पाहिजे."

"छे. आतल्या बाजूनं. कागदावर लिहिलंय."

"कुठल्या कागदावर?"

काकांनी कपाटाच्या डाव्या दाराच्या आतल्या अंगाला बोट केलं. तिथे हुकांवर मावशींनीच वर्षानुवर्षं पांढरी आच्छादनं लटकवली होती. काकांनी ती बाजूला केली. मागे चिकटवलेला, पिवळा पडलेला छापील कागद होता. रुमालाची घडी आतल्या बाजूनं घालावी, म्हणजे पवित्र भाकरीचा बारीक कण उरला असेल तर तो घडीतच राहतो, खाली सांडत नाही. शेजारी चित्रही होतं. नऊ चौकोन, बाणांसकट.

मावशींनी तो कागद दोनदा वाचला. मग फादरांकडे पाहिलं. फादर कपाटात इतके आत शिरले होते, की फक्त पाठ दिसत होती.

"फादर."

"हं."

"बाहेर या."

फादर बाहेर आले.

"माझी घडी उलटी होती?"

फादरांनी घंटेकाकांकडे मदतीसाठी पाहिलं. काकांना एकदम घंटेची आठवण झाली आणि ते निघून गेले. घंटेला अजून दोन तास होते.

"होती," फादर म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि तुम्ही तसाच..."

"नाही, नाही. मोडून पुन्हा घालायचो. शनिवारी संध्याकाळी. मी सात वर्षं. माझ्या आधीच्या फादरांनी अकरा. त्यांच्या आधी म्हातारे फादर, तेरा वर्षं." बेरीज मावशींना करावी लागली नाही.

मावशी खुर्चीवर बसल्या. कान तापले होते. एकतीस वर्षं ज्या एका गोष्टीच्या जोरावर मान ताठ होती, ती गोष्ट दर शनिवारी कुणीतरी मोडत होतं. "मला सांगायचं नाही का? एक शब्द! मी काय सांगितल्यावर मेले असते?"

फादरांनी टेबलाच्या खणातून एक जुनी वही काढली. एक फादर बदलून दुसरे आले, की जाणारे त्यात चार सूचना लिहून ठेवत. कुठली खिडकी अडकते, कुठल्या चावीला कुठलं कुलूप. त्यांनी एक पान उघडून पुढे केलं. म्हाताऱ्या फादरांचं थरथरतं अक्षर होतं.

"इस्त्रीवाल्या बाईंचा रुमाल उलट्या घडीचा येतो. मोडून पुन्हा घालावा. बाईंना सांगू नये. त्या आईसाठी करतात. घडी घालताना त्यांच्यासाठी एक प्रार्थना म्हणावी."

खाली दुसऱ्या फादरांच्या अक्षरात एकच ओळ होती. "मीही तसंच केलं. पुढेही तसंच करावं."

मावशींनी वही मिटून मांडीवर ठेवली.

"म्हणजे," मावशी सावकाश म्हणाल्या, "तुम्ही दर शनिवारी..."

"दर शनिवारी. खरं सांगू का, माझ्या बाकीच्या प्रार्थना कधी राहतात, कधी झोप लागते. तुमची कधी राहिली नाही. रुमाल समोर असायचा ना."

"आणि रविवारी मला भाकर देत होता. घडी उलटी असताना."

"मावशी, तुम्ही रांगेत पुढे आलात तेव्हा मी कधी विचारलं, की घडी कशी घातली?"

"मग मला दिलीत तरी कशाच्या बदल्यात?"

फादरांनी हरवलेल्या बटणाच्या जागी दोरा चाचपला. "बदल्यात नाही देत देव," ते म्हणाले. "कधीच नाही दिली. तुम्ही हात पुढे केलेत, म्हणून दिली. एवढंच असतं ते. मीही तेवढ्यावरच घेतो."

मावशी घरी आल्या त्या तरातरा. खण उघडला, पिनांचा डबा टेबलावर उपडा केला. धाकटी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"हे काय? दुकान बंद करतेस?"

"सोळाशे!" मावशी म्हणाल्या. "सोळाशेच्या वर प्रार्थना! तीन-तीन फादर! सोळाशे पिना मी आणू कुठून?" आणि त्यांनी सगळी हकिकत एका दमात सांगितली.

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग ती हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड, मग खुर्चीत बसून. "अगं ताई! तू एकतीस वर्षं देवाला शर्ट पोचवत होतीस! कॉलर वर, बटणं पुढे!"

"हस. हस तू."

"आणि त्याने घेतले गं! एकही परत पाठवला नाही!"

हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुठल्या क्षणी हसण्याचं राहिलं नाही, ते दोघींनाही कळलं नाही. मावशींनी ॲप्रनची खालची दुमड उलटी केली. गंजकी पिन दिसली.

"आईनं ती इस्त्री दिली तेव्हा काय म्हणाली होती?" त्यांनी विचारलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. उत्तरात काय असेल याची भीती होती. ताईला सांग, आधी माफी माग. ताईला सांग, मी विसरले नाही. असं काहीतरी असणारच.

धाकटीनं डोळे पुसले. "म्हणाली, ही थोरलीला दे. तिच्या मनगटाला जड पडेल, पण ती दुसऱ्या कुणाला वापरू देणार नाही."

"आणि?"

"आणि पाणी मागितलं."

"त्या रस्त्यावरच्या बोलण्याचं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"ताई, मी पाच महिने तिथे होते. ती रोज संध्याकाळी विचारायची, जिन्यावर पावलं वाजली का. मी म्हणायचे, वाजली. ती म्हणायची, बरं. मग झोपायची. एवढंच." धाकटीनं हात पुढे केला. "दे ती पिन. गंजली आहे. टोचली तर इंजेक्शन घ्यावं लागेल, आणि डॉक्टरांचा झगा तू इस्त्री करत बसशील."

मावशींना डाव्या हातानं ती पिन निघेना. गंजानं कापडात रुतली होती. शेवटी धाकटीनं गुडघ्यावर बसून, दातानं ओढून काढली. कापडाला एक लहानसं तपकिरी भोक राहिलं. धाकटीनं पिन खिडकीतून फेकायला हात उचलला, मग खाली चष्मेवाला दिसला म्हणून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

रविवारी सकाळी निघताना प्लास्टरचा हात अडकवलेल्या गळ्यातल्या झोळीची गाठ सुटली. झोळीला पिन हवी होती. मावशींनी खुंटीवरच्या ॲप्रनकडे पाहिलं, तेवीस पिनांपैकी एक, सूपवाली, काढली आणि झोळीला लावली. शिक्षिकेच्या सूपाची फेड काही झाली नव्हती. पिन मात्र उपयोगी पडली.

तिसऱ्या बाकावर दोघी बसल्या. वेदीवर घंटेकाकांचा रुमाल पसरला होता, नद्या-डोंगरांसकट. रांग पुढे सरकू लागली. धाकटी उभी राहिली आणि सवयीनं ताईच्या गुडघ्यांवरून जायला लागली. ताईनं गुडघे बाजूला केले नाहीत. ताई उभी राहिली.

रांगेत मान ताठ नव्हती. चालायचं कसं हेच त्यांना कळत नव्हतं. काम पोचवून चालणं येत होतं, काहीच न पोचवता चालणं आयुष्यात पहिल्यांदा. मागे धाकटी होती. पुढे सुतार होता, त्याच्या पुढे दोन बायका, मग फादर. आपली पाळी आली तेव्हा मावशींनी डावा हात उघडला आणि प्लास्टरवर ठेवला. प्लास्टरमधून चार बोटं डोकावत होती, सुजलेली, कुठल्याही कामाची नसलेली.

फादरांनी भाकर उचलली. "ख्रिस्ताचं शरीर."

आमेन म्हणायचं असतं. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला हे माहीत होतं.

"थँक यू," मावशी म्हणाल्या. खणखणीत, सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. फादरांनी ओठ घट्ट दाबले, भाकर मावशींच्या तळहातावर ठेवली आणि ते क्षणभर तिथेच थांबले. मग त्यांना पुढच्याकडे वळावं लागलं.

बाकाकडे परत येताना धाकटी कानाशी कुजबुजली, "ताई, आमेन म्हणतात."

"माहीत आहे गं."

"मग थँक यू काय? चष्म्याचं दुकान आहे का?"

"दुसरं काही सुचलं नाही," मावशी म्हणाल्या, आणि बसल्या. बसल्यावर त्यांची नजर वेदीवरच्या रुमालाकडे गेलीच. डाव्या कोपऱ्यात इतकी मोठी सुरकुती होती की प्याला जरा कललेला वाटत होता. मावशींनी डोळे मिटले. मग एक उघडला. मग धाकटीला कोपर मारून म्हणाल्या, "घंटेकाकांना पाणी जरा कमी शिंपडायला सांगितलं पाहिजे."